विमलकाकूंना कुणी खोडेना

मंगळवारी सकाळी येडशीत धाराशिवच्या बसची वाट बघत होते, तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. विमलकाकू गेल्या, हार्ट अटॅकनं. मला आधी त्यांचा रागच आला. बुधवारी वर्गात उत्तर देते म्हणाल्या होत्या आणि आदल्याच दिवशी गेल्या... माणूस असं करतं का? आता दीड महिना होईल, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

बी.ए. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आम्ही पाचच जण. चांगले गुण असतील त्यांनाच तिथं घेतात आणि वर्षभर प्रबंध लिहून घेतात. एवढे मार्क पडून आर्ट्सला कशाला, हे आम्ही सगळ्यांनीच घरीदारी ऐकलेलं. काकूंना ‘आणि या वयात कशाला’ हे वर ऐकावं लागे. पोरं नोकरीला लागल्यावर त्यांनी कॉलेजात नाव घातलं आणि आम्हा सगळ्यांना मागं टाकून पहिल्या आल्या. शेंगदाण्याची चटणी मात्र पाचांना पुरेल एवढी आणायच्या, आणि ती संपवल्याशिवाय कुणाला उठू द्यायच्या नाहीत.

वर्गाची रीत अशी, की एकानं आपलं प्रकरण वाचायचं आणि बाकीच्यांनी ते खोडून काढायचं. आम्ही एकमेकांची सालटी काढायचो. काकूंनी वाचलं की मात्र ‘छान झालंय काकू’ म्हणून सगळे मोकळे. आईच्या वयाच्या बाईला चुकलात म्हणायचं कसं? सरसुद्धा मान डोलावून पुढं सरकायचे. एकदा जिन्यात काकूंनी मला अडवलं.

“माझ्या वयाला लई मान देता तुमी. माझ्या लिहिण्याला कोण देणार? सत्कार करून घ्यायला आले व्हय मी इथं?”

त्यांचा विषय माहेरचा, ईट गावचा. धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी जात्यावरची देवादिकांची गाणी सोडली आणि नव्या धम्माची गाणी म्हणायला लागल्या. जुनी गाणी त्यांनी आनंदानं सोडली, असं काकूंनी लिहिलं होतं. त्या जाण्याआधीच्या बुधवारी मी धीर करून हात वर केला. आनंदानं कशावरून, एखादी मनातल्या मनात म्हणत नसेल का, तुम्ही कुणाला विचारलंत का, असं सगळं एका दमात बोलून गेले. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि हसल्या. एवढं खुश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“न्हाय विचारलं,” त्या म्हणाल्या. “आईला विचारते.”

रविवारी ईटहून काकूंचा फोन आला. आई पुष्कळ बोलली म्हणे. काय बोलली म्हणून मी मागंच लागले, तर फोनवर नाही, वर्गात सांगते, मग तू परत खोड, म्हणाल्या.

मातीला गेले तेव्हा त्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. उत्तर तिच्यापाशी होतं. पण लेक गेलेल्या बाईला गाण्यांचं काय विचारणार? फार हळहळ वाटते. वर्षभर त्या आमच्याशी भांडायला तयार होत्या आणि आम्ही त्यांना एकच बुधवार दिला.

परवा सरांनी त्यांचं तेच प्रकरण वाचून दाखवलं. आहे तसाच प्रबंध विद्यापीठाला पाठवू, म्हणाले, गेलेल्या माणसाच्या लिहिण्यात आता काय बोलायचं. सगळ्यांनी डोळे पुसत माना हलवल्या. छान झालंय, कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी हात वर केला आणि त्यांच्या रिकाम्या बाकाकडं बघून म्हणाले, “काकू, मला हे अजून पटलेलं नाही.”