नागनाथ मामांचा शाफ्ट

आठ वर्षं मी एका माणसाला "बघते" म्हणत राहिले. तो माणूस आता नाही.

नागनाथ मामा. सोलापूरला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल टेस्टिंगच्या लॅबचे असिस्टंट. आज त्यांचा दहावा होता, उजनीच्या बॅकवॉटरकाठी, त्यांच्या गावी.

परत निघालेय. जेऊर स्टेशनच्या बाकावर बसून लिहितेय. गाडी लेट आहे आणि मला उठायचाही कंटाळा आलाय.

मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. सळई ताणून तोडायचं प्रॅक्टिकल असायचं. आमची पद्धत ठरलेली. मशीन सुरू झालं की मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायचं आणि कॅन्टीनला पळायचं.

सरांनी कधी विचारलं नाही. मामांनी माझं पान बघितलं.

"पोरी, सळई अजून तुटली न्हाय. तू तर तोडून बसलीस की!"

सगळा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सळई तुटली तसे मामांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. तुटलेली जागा कोमट लागत होती.

"आधी हे बघ. कसं तुटलं ते हितंच लिवल्यालं असतंय. आकडं मागनं."

त्या दिवशी कॅन्टीन राहिलं. पुढे पीएचडी त्याच विषयात केली. धातू एका झटक्यात न तुटता रोजच्या थोड्या थोड्या ताणानं कसा थकत जातो आणि मग एक दिवस कसा तुटतो, हा माझा विषय.

पीएचडीसाठी चेन्नईला निघाले तेव्हा कॉलेजात कागदपत्रं घ्यायला गेले होते. मामांनी पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड हातात ठेवलं. मोटरच्या शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, तुटका तुकडा.

"माझ्या भावाच्या शेतातल्या मोटरचा हाय. दर हंगामाला तुटतोय, अन् दर बारीला ह्याच जागी. का, तेवढं सांगा मला. तुमी आता डॉक्टर होणार."

"मामा, मला कुठं अहो-जाहो करताय? बघते मी."

बघितलं नाही.

तो तुकडा माझ्याबरोबर सगळीकडे फिरला. हॉस्टेल, पोस्टडॉक, आता पुण्यातली कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे. त्याच्याखाली रिव्ह्यूअरचे शेरे, नाकारलेली प्रपोजल्स, पर्मनंट पोस्टचे अर्ज.

दर दिवाळीला मामांचा फोन.

"मॅडम, सवड झाली का?"

"मामा, थीसिस सबमिट होऊ दे."

"होऊ द्या की. घाई न्हाय."

पुढच्या दिवाळीत पेपरचं रिव्हिजन. त्याच्या पुढच्या दिवाळीत इंटरव्ह्यू. दर वेळी त्यांचं तेच, घाई न्हाय.

मला ज्युनियर्सचे मेसेज येतात. मॅडम, सॉलिड मेकॅनिक्समध्ये रिसर्चला स्कोप आहे का? फेलोशिप कुठे मिळेल? प्रोफेसरांना मेल कसा लिहायचा? मी पानभर उत्तरं देते. कुणाला नाही म्हणत नाही. मामांना दोन ओळी द्यायला मला वेळ नव्हता.

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एक प्रपोजल भरत होते. रकाना होता, "संशोधनाचा समाजाला उपयोग". छान झाला होता परिच्छेद.

फोन ठेवला आणि तो तुकडा उचलून खिडकीपाशी गेले.

मायक्रोस्कोप लागला नाही. शाफ्टला पुली अडकवायला जी खाच कापतात, तिचा कोपरा अगदी धारदार काढलेला. तिथनंच तडा सुरू झालेला. त्या कोपऱ्यापासून एकामागे एक बारीक, बाकदार रेघा आत गेलेल्या. रोज थोडा थोडा सरकत गेलेला तडा.

दोन मिनिटं लागली. मग बराच वेळ रडले.

आज विधी आटोपल्यावर मामांच्या धाकट्या भावाला, सोपानकाकांना बाजूला घेतलं. म्हटलं, काका, नवा शाफ्ट कराल तेव्हा खाचेचा कोपरा गोल करून घ्या, परत तुटणार नाही. उशीर झाला, पण मामांचं एक काम तरी केलं, असं वाटत होतं मला.

काका माझ्याकडे बघतच राहिले.

"ते तर झालं की, ताई. तीन वर्सं झाली. दादानंच सांगितलं, कोपरा गोल करून घे. तवापासनं न्हाय तुटला."

"मामांना कसं कळलं?"

"तुटल्याल्या जागी रेघा दावल्या मला. म्हणला, धरणाचं पाणी उतरताना काठाच्या चिखलात पडत्यात का न्हाय, तशा हायत. मंजी एका दिसात तुटलं न्हाय हे."

आमच्या पुस्तकात त्या रेघांना बीच मार्क्स, म्हणजे किनाऱ्यावरच्या खुणा, म्हणतात. मामांनी ते पुस्तक कधी उघडलं नसेल.

"मग काका, मला दर दिवाळीला का विचारायचे?"



"तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं त्याला. आपलं बरोबर हाय का न्हाय, तेवढंच. म्हणायचा, आमच्या मॅडम व्हय म्हणाल्या की मग खरं."

मामा, व्हय. तुमचं बरोबर होतं.

हे फोनवर सांगायला हवं होतं. माफ करा मला.

येते, मामा. तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.