एकाच रिक्षात हिबा आणि ऑपरेशन

हृदयाच्या ऑपरेशनसाठी नवऱ्याला आत नेलं, दार बंद झालं, आणि बाकावर शेजारी बसलेला धाकटा दीर म्हणाला, "भाभी, भाईजान यातून उठले नाहीत तर घराचा तिसरा भागच तुमचा."

सकाळी अख्खं घर माझं झालं होतं. दुपार व्हायच्या आत दोन भाग कमी.

ते मुसलमान, मी बौद्ध. लग्नात विहारात हार घातले, त्यांच्या चुलत्यांकडे सरबत प्यायलो, झालं लग्न. नोंदणी कुणी केली नाही. मी धर्म बदलला नाही, त्यांनीही कधी म्हटलं नाही. मूलबाळ झालं नाही. वाघोलीला खडकाळ जागा घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा नातेवाईक म्हणाले, तिथे राहणार कोण? मग कॉम्प्युटरवाल्यांसाठी इमारती उठल्या, यांचं ग्रिलचं काम वाढलं आणि बिल्डर आमच्या दारात चपला काढायला लागले. तेव्हा कळलं की हे गेले तर मी कुणीच नाही. त्यांच्या कायद्यात दुसऱ्या धर्माच्या बायकोला वारसा नाही. सगळं भावाला. वसियत, म्हणजे मृत्युपत्र, लिहिली तरी तिसऱ्या भागापुरतीच. पण धडधाकट माणूस जिवंतपणी हवं ते हवं त्याला देऊ शकतो. त्याला हिबा म्हणतात. मौलाना म्हणाले, देणाऱ्याने सामानासकट बाहेर पडायचं आणि ताबा द्यायचा, म्हणजे कुणाला शंका नको.

यांनी ते आज करू, उद्या करू करत लांबवलं. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा म्हणाले, "नाहीतरी घराबाहेर पडायचंच आहे. एकाच रिक्षात दोन्ही कामं होतील."

तर त्या सकाळी ट्रंक घेऊन हे अंगणात. साक्षीला दोन शेजारी. "घर तुला दिलं," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी कुलूप लावलं.

"अगं, चष्मा आत राहिला."

"दुसऱ्याच्या घरात चष्मा कशाला ठेवता?"

शेजारी हसले. हे ट्रंक मांडीवर घेऊन दवाखान्यात पोचले.

तिथेच घोटाळा झाला. दिराने मौलानांना पुन्हा विचारलं होतं. मरणाच्या भीतीने आजारपणात दिलेलं दान, माणूस त्याच आजारात गेला तर वसियतीसारखंच धरतात. रिक्षाचं भाडं वाचवायला गेलो आणि दोन भाग पणाला लागले.

"उरलेले दोन भाग कुणाचे?" मी दिराला विचारलं.

"माझे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"भाभी, भाऊ आहे माझा आत."

"आणि तिसरा भाग म्हणजे नक्की कुठला? न्हाणीघर धरून की सोडून?"

तो हसला आणि लगेच रुमाल शोधायला लागला. मला रडू येत नव्हतं. पदराला बांधलेली किल्ली तेवढी चाचपत होते.

"आणि उठले तर?"

"या दुखण्यातून बरे झाले तर अख्खं तुमचं."

"म्हणजे तुझं नुकसान."

"होऊ दे की. सकाळपासून त्या नुकसानाचीच दुआ मागतोय."

दुसऱ्या दिवशी यांना बोलता यायला लागलं. पहिला शब्द, "किल्ली?"

"आहे माझ्याकडे. पूर्ण बरे व्हा, नाहीतर मला एक खोलीसुद्धा धड मिळायची नाही."

"आणि मी कुठे राहायचं?"

"वागणूक बघून सांगते."

बरे झाले. दिराने ट्रंक उचलून आणली, हे उंबऱ्याबाहेर थांबले आणि विचारलं, "येऊ का आत?" मी कुलूप काढायला जरा वेळ लावला. मग म्हटलं, "या. चष्मा टेबलावर आहे."

त्या दुखण्यातून हे वाचले. वाटणीतून दीर वाचला, मीही वाचले.