काहून सिस्टरचा ज्ञ

रक्तदाब मोजताना माणसानं बोलू नये, हे ती प्रत्येकाला बजावून सांगायची आणि पट्टा फुगवता फुगवता स्वतःच प्रश्न विचारायची. "बाबूजी, तुम्ही लिहिता उजव्या हातानं अन् कुलूप लावता डाव्या हातानं. काहून?" आता यावर गप्प कसं बसायचं? मी तोंड उघडलं की लगेच, "बोलू नका ना! आकडा वर जाते." मग पट्टा सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. त्या पाच मिनिटांत कुलपाची सगळी हकिकत ती माझ्याकडून काढून घ्यायची. पांढुर्ण्याच्या त्या लहानशा खासगी दवाखान्यात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. 'का'ला आमच्याकडे 'काहून' म्हणतात, म्हणून पेशंटपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'काहून सिस्टर'.

मी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. मी इथल्याच एका शाळेत पस्तीस वर्षं बाबू होतो, म्हणजे कारकून. गाव सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची आणि आवार सगळं मराठी. आमच्याकडे हे असंच. पोरं वर्गात हजेरीला 'उपस्थित श्रीमान' म्हणतात आणि दाराबाहेर पाय पडला की 'चाल ना बे' सुरू. ही सहावीत आली तिगावहून. बाप संत्र्याचा बगीचा करणारा, सरळ माणूस. नाव ज्ञानेश्वरी, घरी ज्ञाना. आठवड्याभरात कार्यालयाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. "बाबूजी, रजिस्टरमधी काही नावं लाल शाईनं काहून लिहिली?" शाळा सोडून गेलेल्यांची नावं मी लाल शाईनं लिहीत असे, पण ते आजवर मला मुख्याध्यापकांनीही विचारलं नव्हतं. मी डाफरलो, "पळ वर्गात." पळाली. मधल्या सुट्टीत पुन्हा हजर. "आता सांगा."

नागपूरला नर्सिंग शिकून ती परत आली तेव्हा वाटलं होतं, आता पोक्त झाली असेल. कसलं काय! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि नदीपलीकडचं सावरगाव परंपरेनं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार; तिच्यात फुटलेली डोकी दवाखान्यात यायची. सावरगावचा की पांढुर्ण्याचा हे न बघता टाके घालायचे, हे तिचं काम. एकदा मी कुणाला तरी घेऊन गेलो होतो, तर ही एका गड्याच्या कपाळात सुई खुपसून विचारत होती, "दादा, दगड येतांनी दिसला होता का?"

"दिसला होता ना."

"मंग हटला काहून नाही?"

गडी विचारात पडला. "सिस्टर, कोन मारला ते पाहून राहिलो होतो मी."

हे उत्तर तिला इतकं आवडलं की पुढे दिवाळीपर्यंत ती ज्याला त्याला सांगत होती. थट्टा म्हणून नाही हं, कौतुकानं.

डॉक्टरांना मात्र तिचा 'काहून' सोसत नसे. "सिस्टर, सुई द्या, मुलाखत घेऊ नका," असं ते चारचौघांत म्हणायचे. ती हसायची आणि सुई द्यायची. एक दिवस मी पट्टा बांधून बसलो आणि तिनं काहीच विचारलं नाही. मी घाबरलो. म्हटलं, आकड्यात काही वाईट दिसलं का? तर म्हणाली, "तसं नाही. वार्डात एका आजीच्या अंगावर पुरळ उठून राहिलं होतं. मी विचारलं, हे औषध अजून चालू काहून? डॉक्टर मले म्हने, गप्प राहा. दोन दिवस आजी तडफडली, मंग औषध बंद केलं." पट्टा गुंडाळत ती पुढे म्हणाली, "आयर्लंडात म्हने राउंडले नर्सले विचारता, तुले काय वाटते. मले तिकडं जायाचं आहे, बाबूजी. पैशासाठी बी जाईन, खोटं कायले बोलू? पन जास्त करून यासाठी."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. तिनं तीन वर्षं धरून ठेवलं. इंग्रजीची परीक्षा एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मग तिकडच्या एका रुग्णालयाची मुलाखत ठरली, व्हिडिओवर. तिच्या घरी नेटवर्क धड नाही, म्हणून मी शाळेची कॉम्प्युटर खोली उघडून दिली आणि दाराबाहेर पहाऱ्याला बसलो. मधेच तास संपायची वेळ झाली. घंटा खणाणली असती तर संपलंच, म्हणून मी शिपायाला थोपवून धरला. आत त्यांचे प्रश्न झाले आणि शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? झालं! पुढची वीस मिनिटं मुलाखत हिनं घेतली. त्या दिवशी आमच्या शाळेत गणिताचा तास इतका लांबला की मास्तर स्वतः बाहेर येऊन घड्याळ पाहून गेले. आठवड्यात पत्र आलं: निवड झाली, जागा दोन महिने राखून ठेवतो.

दोन महिन्यांत एवढंच करायचं होतं. तिकडच्या नर्सिंग मंडळात नाव नोंदवायचं, मग वर्क परमिट निघणार. नोंद नाही तर परमिट नाही, परमिट नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. तिनं सगळे कागद पाठवले आणि मंडळाचं उत्तर आलं: हे कागद दोन वेगळ्या बायांचे दिसतात.

ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन शाळेत आली आणि दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दहावीची गुणपत्रिका आणि नागपूरचं नर्सिंगचं प्रमाणपत्र. देवनागरीत दोन्हीकडे एकच, ज्ञानेश्वरी. इंग्रजीत मात्र नागपूरवाल्यानं नाव डी-एन-वाय करून सुरू केलेलं आणि गुणपत्रिकेवर जी-वाय. पासपोर्ट गुणपत्रिकेवरून निघालेला, म्हणून तिथंही जी. आपण मराठी माणसं ज्ञ म्हणताना द्न्य म्हणतो, हिंदीत त्याचाच ग्य होतो. आपल्याला यात काही वाटत नाही. पण ज्याला देवनागरी दिसतच नाही, त्याच्या टेबलावर एक बाई डी ची आणि एक जी ची.

"चूक नागपूरवाल्याची," मी ताडकन म्हणालो. गुणपत्रिकेचा फॉर्म मी भरला होता ना! माझ्या हातून पस्तीस वर्षांत खाडाखोड नाही, हा माझा तोरा. कुणी खिडकीशी येऊन चूक दाखवली की मी त्याला चष्म्यावरून असा बघायचो की तोच माफी मागून जायचा. ती गेली नाही. पण वादही घातला नाही. सौंसरला जाऊन एका वकिलाकडून शपथपत्र करून आणलं, की दोन्ही नावांची बाई मीच. वकील तिलाच विचारत होता म्हणे, "ज्ञ तर ज्ञच आहे ना बाई, यात सिद्ध काय करायचं?" ते शपथपत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ज्या संस्थेनं पहिल्यांदा इंग्रजी नाव लिहिलं, तिनं ते तसं का लिहिलं हे लेखी कळवावं.

पत्र माझ्यापुढे धरून ती खुदकन हसली. "पाहा बाबूजी, सातासमुद्रापलीकडून काहून आला." हसत होती खरी, पण मुदतीचे सोळा दिवस उरले होते.

"बाबूजी, तुम्ही मले हाक कशी मारता?"

"ज्ञाना."

"द्न्याना. तुमच्या तोंडात डी आहे. मंग तुमच्या हातात जी काहून?"

मी म्हटलं, काम आहे, उद्या ये. दुसऱ्या दिवशी आली. म्हटलं, साहेब आले आहेत, उद्या ये. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून, तशीच पांढऱ्या कपड्यांत आली आणि खिडकीशी उभी राहिली, सहावीत राहायची तशी. "आता सांगा."

मग मी सांगितलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नवा नवा नोकरीला लागलो होतो. एका मुलाचं नाव ज्ञानदेव; मी फॉर्मवर डी-एन-वाय लिहिलं. तपासणीला एक साहेब आले. सगळ्या मास्तरांसमोर त्यांनी तो फॉर्म वर धरला. "ये डी-एन-वाय क्या है, बाबू? ग्यान होता है, ग्यान! पढ़ना-लिखना आता है कि नहीं?" सगळे हसले. आमचे मराठी मास्तरही हसले, ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी माझ्या हातानं एकही डी लिहिला नाही. ज्ञानदा आली, प्रज्ञा आली, यज्ञेश आला, सगळ्यांना जी लावून मोकळा. कुणाच्या आईबापाला विचारलं नाही. घरी बोलायचं एक आणि कागदावर लिहायचं दुसरं, याची इतकी सवय झाली की त्यात काही लपवतो आहोत हेही विसरलो.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "तुम्ही तवा किती वर्षांचे होते?"

"चोवीस."

"लहानच होते की," ती म्हणाली.

मी जुनं दाखल रजिस्टर काढलं. धूळ झटकून तिचं पान उघडलं. बापाची वेडीवाकडी सही आणि वर माझ्या अक्षरात ज्ञानेश्वरी. त्या पानाची नक्कल काढली आणि पत्र इंग्रजीत लिहिलं, चार ओळींचं. या गावात ज्ञ हे एकच अक्षर दोन तऱ्हेनं बोललं जातं, घरात एक आणि कचेरीत दुसरं. वडिलांनी नाव बरोबर सांगितलं होतं. इंग्रजी अक्षरं मी, तिच्या घरच्यांना न विचारता, लिहिली. बाई एकच आहे, चूक माझी आहे.

मुख्याध्यापकांनी सहीला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "बाबूजी, रिटायरमेंटला वर्ष राहिलं तुमच्या. उगाच चौकशी लागायची. 'चूक' कायले? 'उच्चारभेद' लिहून द्या."

"सर, त्यांनी काहून म्हणून विचारलं आहे. उच्चारभेद हे त्याचं उत्तर नाही."

त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

मुदतीला तीन दिवस असताना नोंद झाली, आणि पाठोपाठ परमिट आलं. पासपोर्टवर जी, म्हणून परमिटवरही जी. तिनं पेढे आणले, मी माझा पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला. पोरगी निघाली होती ती माझ्या भित्रेपणाचं नाव घेऊन.

स्टेशनावर निरोपाला मी गेलो होतो. तिचे वडील टोपलीभर संत्री घेऊन आले होते, ती कुठवर जाऊ देतील कोण जाणे. बाप टोपली या हातातून त्या हातात करत होता, मी तिच्या पिशव्या मोजत होतो. ती एकटी विचारत होती, गाडी इथं एवढीशीच काहून थांबते, आणि सिग्नलचा खांब असा वाकडा काहून. गाडी हलली तेव्हा तिनं आधी बापाच्या आणि मग माझ्या हाताला हात लावला. माझ्या मनगटावर बोटं जरा जास्त वेळ राहिली. नाडी बघितली असणार, सवयच ती. मला रडू फुटलं. लपवायला तिथं आडोसाही नव्हता.

महिनाभरानं रविवारी तिचा फोन आला. तिकडे पाऊस सारखा पडून राहिला म्हणाली, आणि चहात आलं काहून घालत नाहीत ते अजून शोधून राहिली म्हणाली. मग म्हणाली, "बाबूजी, पहिल्याच दिवशी वार्डाच्या मोठ्या सिस्टरनं माझा बिल्ला पाहिला अन् विचारलं, हे कसं म्हनायचं? मी सांगितलं, ज्ञाना. सात-आठदा म्हनून पाहिलं तिनं. जमलं नाही. पन पाहिलं म्हनून."

मला राहवलं नाही. "पोरी, त्या बिल्ल्यावर माझी चूक लागून राहिली. तुले माझा राग नाही येत?"

"काहून?" ती म्हणाली.

 ती तिकडे थांबलेली. विचारून सोडून द्यायची तिला सवयच नाही. "सांगा ना बाबूजी. मी ऐकून राहिली."

"कारण मी तुले विचारलं नाही," मी म्हटलं. "कोनालेच कधी विचारलं नाही."

"मंग आता विचारा," ती म्हणाली, इतक्या सहज की जणू रक्तदाबाची गोळी रात्री घ्या म्हणून सांगत होती. मग तिची ड्यूटीची वेळ झाली.

त्या जूनमध्ये माझ्या नोकरीतले शेवटचे प्रवेश होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली, बोरगावकडची. फॉर्मवर नाव होतं प्रज्ञा, इंग्रजीची जागा कोरी. पी-आर-ए लिहून माझं पेन जी लिहायला टेकलंसुद्धा होतं. मी ते उचललं. चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "बाई, हिला घरी काय म्हणता? म्हणून दाखवा बरं."

बाई दचकली. कचेरीतला बाबू आपल्याला काही विचारतो आहे, यात काहीतरी घोळ असणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं मुलीला जवळ ओढलं.

"काहून जी?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, "बसा. सांगतो."