आजारी बायकोसाठी एक सही

माझ्या नवऱ्याला नटनट्यांच्या सह्या जमवायचा नाद आहे, आणि त्याही टपालाने. आम्ही राहतो बोरिवलीला, ती मंडळी अंधेरीच्या आसपास. रिक्षाने जाऊन फाटकाशी उभं राहिलं तरी काम होईल. पण नाही. फोटो छापून आणायचा, सोबत पत्र, आत आपला पत्ता लिहून तिकीट चिकटवलेलं परतीचं पाकीट, आणि मग पोस्टमनची वाट बघत खिडकीत बसायचं. निवृत्त माणसाने बागेत जावं, भाजी आणावी. हा जिभेने पाकिटं चिकटवतो.

सुरुवातीला कुणी उत्तरच द्यायचं नाही. नंतर एकाएकी फोटो येऊ लागले, तेव्हा मला वाटलं, रिकामटेकडेपणा दोन्हीकडे सारखाच असेल. मग एका नटीच्या फोटोवर माझंच नाव आलं. खाली लिहिलेलं, 'लवकर बऱ्या व्हा.' मी तेव्हा चांगली धडधाकट, बांगडे साफ करत होते.

"अहो, मला काय झालंय?"

"किडनी," तो म्हणाला. "अगं, लिहावं लागतं तसं. नुसत्या चाहत्याला कोण विचारतो? बायको आजारी म्हटलं की पाघळतात."

"मग स्वतःची किडनी लिहा ना!"

"पुरुषाचं एवढं वाईट वाटत नाही कुणाला."

एरवी माझे गुडघे दुखतात म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवणारा हा माणूस. पत्रात मात्र माझ्या उशाशी बसून रात्री जागवत होता. आणि ते वाचून विरघळणारे ते थोर कलावंत! त्यांच्या सह्या त्यांचे सेक्रेटरी ठोकतात, ही शंका ह्यालाही आहेच. प्रत्येक फोटो भिंगाखाली धरून "खरी असेल का गं?" असं मलाच विचारतो. मी त्याला एकच बजावलं. आजारापर्यंत ठीक आहे, मला मारायचं नाही. असलं अभद्र माझ्या घरातून लिहून जाता कामा नये. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. गळा माझाच.

एक म्हातारा नट तेवढा बधत नव्हता. फाइलीत त्याच्यासाठी एक कप्पा रिकामा ठेवलेला होता. गेल्या महिन्यात नवरा बाहेर गेला असताना स्पीड पोस्ट आलं. पोस्टमनच्या मोबाइलवर बोटाने सही करून मी ते घेतलं आणि उघडलं. फोटोवर त्या नटाची सही होती आणि वर दोन ओळी: 'पत्नीच्या निधनाबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांची शेवटची इच्छा पूर्ण करतो आहे.'

भीती नाही वाटली, किळस आली. मग संताप.

नवरा आला. चपला न काढताच त्याने फोटोवर झडप घातली. "झकास! अगं, खरी आहे ही, पेनाचा दाब बघ!"

"मी कधी मेले?"

"तसं नाही गं. तीनदा आजारी लिहिलं, तरी ढिम्म. शेवटी काय करणार? आणि तुला काय झालंय, आहेस ना समोर?"

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळींखाली लिहिलं, 'पोचलं. आभारी आहे.' खाली सही केली, नावआडनावासकट.

"वाट लावलीस गं सगळ्याची!" तो ओरडला. अगदी रडकुंडीला आला. मी खरोखर गेले तर एवढं रडकं तोंड करेल की नाही, शंकाच आहे.

फोटो मीच त्या रिकाम्या कप्प्यात सरकवला. त्याच्या अख्ख्या फाइलीत त्याने स्वतःच्या डोळ्यांसमोर होताना पाहिलेली सही तेवढी एकच.