सुखराजीने घरच्या बोलीत विचारले

सुखराजी आमच्या समुद्रापारच्या बेटावर, लबासाजवळच्या ऊसमळ्यांत जन्मली, तेथेच नांदली आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मंदिराच्या दालनातील प्रौढ वर्गात अक्षरे शिकली. तोवर प्रत्येक कागदावर तिचा अंगठाच उठत असे. मात्र मंगळवारच्या मंडळीत पोथीचे वाचन आटोपून नंगोन्याची, म्हणजे मुळी कुटून केलेल्या गुंगीदार पेयाची, वाटी फिरू लागली, की सर्वांत अवघड प्रश्न तीच विचारी. पंडितजी हसून म्हणत, "काकी, आज आम्हाला घरी जाऊ देणार की नाही?"

पुढे अर्धी मंडळी सिडनीला आणि ऑकलंडला गेली. निवृत्त शिक्षक रामसमुझ मास्तरांनी सर्वांना फोनवरच्या एका गटात गोळा केले आणि पहिलाच विषय काढला: येथे धर्मचर्चा कोणत्या भाषेत करावी? सिडनीच्या ब्रिजेशने इंग्रजी सुचविली, कारण तिकडच्या मुलांना तीच येते. मास्तरांना शुद्ध हिंदी हवी होती. घरच्या बोलीचे नाव काढले ते केवळ सुखराजीच्या शेजारणीने, मुनियम्माने. ऊसमळ्यांत मजूर म्हणून आलेले तिचे पूर्वज मद्रासकडचे, इतरांचे उत्तर हिंदुस्थानातले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एका शिवारात ऊस तोडताना सर्वांची बोली, एक मिसळलेली हिंदी, एकच झाली आहे.

मास्तर म्हणाले, "मुनियम्मा, ती बोली मळ्यात शोभते. देवापुढे नाही."

मतदान झाले. सेहेचाळीसांपैकी एकेचाळीस मते शुद्ध हिंदीला पडली. आमच्याकडे हे असेच होते. ज्याच्या हाती सभेचा माईक येतो, त्याची जीभ लगेच इस्त्रीचे कपडे घालते. आणि मास्तरांसमोर घरच्या बोलीची बाजू घेणे हा त्यांचा अपमान, असे जो तो समजतो. सुखराजीनेही शुद्ध हिंदीवरच बोट टेकविले. त्यानंतर तीन आठवडे गटात फुलांच्या चित्रांवाचून काही आले नाही. ती भाषा लिहिता येणारे मास्तर एकटेच होते.

त्याच सुमारास सुखराजीच्या जमिनीचा भाडेपट्टा संपत आला. महिनाअखेर घर सोडून लेकीकडे गावात जायचे होते. अंगणात सासऱ्यांनी रोवलेली लाल झेंडी होती; दरवर्षी पूजा करून नवा बांबू, नवे कापड लावले जाई. ती उपटावी, तर देवाला हुसकावल्यासारखे होईल. ठेवावी, तर तिची पूजा कोण करणार? पंडितजी परदेशी होते. विचारायला गटच उरला होता.

तीन दिवस ती शुद्ध हिंदीत लिहीत राहिली आणि खोडत राहिली.

"दीदी, सरकारात अर्ज लावतेस की काय?" मुनियम्माने कुंपणावरून विचारले.

"चूक झाली तर मास्तरजी लाल शाई फिरवतील गं."

"फोनवर कुठली शाई? तोंड आहे ना तुला? आजवर तर कधी बंद नव्हतं!"

सुखराजीने फोन ओठांशी धरला आणि घरच्या बोलीतच गटाला निरोप बोलून पाठविला. "मास्तरजी, राम राम. नियम मोडते, रागवायचं तर रागवा. माझी झेंडी उपटू की ठेवू? मला शुद्ध बोलता येत नाही, आणि आता थांबायला वेळही नाही."

तासाभरात गट जागा झाला. ऑकलंडचा एक गृहस्थ घरच्या बोलीत सांगू लागला, की त्याने झेंडी तशीच सोडली आणि आजही ती त्याच्या स्वप्नात येते. मुनियम्माच्या भावाने आपल्याकडे देवाला निरोप कसा देतात ते सांगितले. झेंडी म्हणजे काय, असे ब्रिजेशच्या मुलीने इंग्रजीत विचारले, आणि बापाने तिला घरच्या बोलीत समजाविले.

संध्याकाळी मास्तरांचा आवाज आला. चाळीस वर्षांत सुखराजीने त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली नव्हती. ते म्हणाले, "सुखराजी, शेवटची पूजा कर. देवाला सांग, घर बदलतंय, चल माझ्याबरोबर. बांबू नदीत सोड, मुळाची मूठभर माती ने आणि तिथे नवी झेंडी लाव. माझा बाप असंच करायचा."

"करते, मास्तरजी. आणि मत पुन्हा घ्या," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी प्रश्न वाचलाच नाही, तुमचं तोंड बघून बोट दाबलं."

"सगळ्यांनी तेच केलं वाटतं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या मतदानात घरची बोली निवडली गेली. ज्याला जमेल त्याने ती लिहावी, न जमेल त्याने बोलावी, असे ठरले. शुद्ध हिंदीला दोनच मते पडली. त्यांतील एक मास्तरांचे होते, आणि ते त्यांनी लपविले नाही.

शनिवारी सकाळी सुखराजीने पूजा करून बांबू हलविला. तो सहज निघाला. मुनियम्माने माती पितळी लोट्यात भरली. नदीवरून परतल्यावर सुखराजीने गटात सांगितले, "झालं. देव माझ्याबरोबर निघालाय. आता ऑकलंडवाल्यांनो, तुमचं काय अडलंय ते विचारा."