डिंकाचे लाडू आणि गाभण शेळी

जगात दुखणं एकच, ते म्हणजे रिकामं पोट, आणि त्यावर औषधही एकच, ते म्हणजे आणखी थोडं, असं माझ्या आतोबांचं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अलोऱ्याच्या कॉलनीत राहून वीजघरातल्या काट्यांवर नजर ठेवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर हातखंब्याजवळच्या आपल्या गावी येऊन माणसांच्या ताटांवर नजर ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या पंगतीत नको म्हणून हात आडवा धरण्यात अर्थ नसतो, भात हातावर पडतो. मला कावीळ झाली होती तेव्हा हे भांडंभर फणसाची भाजी घेऊन समाचाराला आले होते. डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय म्हटल्यावर म्हणाले, "त्याचं काय जातंय सांगायला? जगायचं तुला हाय." विजेचा मीटर बघायला आलेला माणूस त्यांच्याकडचे आठ घावने खाऊन ओटीवर आडवा झाला आणि संध्याकाळी मीटर न बघताच घरी गेला.

अशा माणसाची एकुलती एक लेक लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मुंबईत गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातव्या महिन्यात ती गावी येणार हे ठरलेलंच होतं. आत्यानं डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळून दोन डबे भरले. आतोबांनी त्याहून मोठा बेत केला. बाळंतिणीला दूध घरचंच हवं म्हणून त्यांनी चक्क एक गाभण शेळी आणली. आतापर्यंत त्यांनी पाळलेलं जनावर म्हणजे एक मांजर, आणि तेही लठ्ठ होऊन उंदरांकडे नुसतं बघत बसायचं.

शेळी आली आणि मुलीचं येणं रद्द झालं. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं आणि तिच्या डॉक्टरांनी प्रवास साफ बंद केला होता. आपला खड्ड्यांचा हायवे डोळ्यांसमोर आणला तर त्यांचं चुकलं असं कुणालाच म्हणता येईना. लाडू तिकडे पाठवावेत म्हटलं, तर ती म्हणाली, "नको बाबा, अन्नाचा वासही नको वाटतो." दोन दिवस लाडवांचे डबे तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेळीला पहिला लाडू मिळाला.

"ती पहिलटकरीण, ही पण पहिलटकरीण," एवढंच स्पष्टीकरण त्यांनी दिलं. मग शेळीचं जे काही सुरू झालं ते आमच्या घरातल्या एकाही सुनेच्या वाट्याला आलं नव्हतं. सकाळी पेज, वर तुपाची धार. दहा वाजता भिजवलेले कुळीथ. दुपारी मऊ भात, चार वाजता लाडू, आणि दिवेलागणीला गूळ घालून भाकरीचा काला. शेजारची माणसं फणसाचा पाला आणून टाकत, शेळीही त्याच्याकडे मान लांब करी, पण आतोबा तो बाजूला सारत. "पाला काय, कोण पण घालतं," असं त्यांचं म्हणणं. शेळीचं पोट दिवसेंदिवस वाढत होतं आणि ते पाहून आतोबांची छाती फुगत होती.

एका दुपारी मी सहज गेलो तर शेळीच्या वाड्याशी आत्या रडत उभी होती. शेळी पाय ताणून पडली होती. डावी कूस ढोलासारखी फुगली होती आणि ती दात खात होती. आतोबा हातात भाताची थाळी घेऊन तिच्या तोंडाशी बसले होते. "खा गो बाय, एक घास खा," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी फोन केल्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. वयानं लहान, पण जिभेनं तिखट. त्यांनी आधी थाळी उचलून लांब ठेवली, मग नळी घालून पोटातली हवा काढली, औषध पाजलं आणि विचारलं, "हिला खायला काय घालता?" आतोबांनी पेज आणि कुळीथ कबूल केले. भात, तूप, लाडू, गूळ आत्यानं सांगितलं.

"आजोबा, ही शेळी हाय, सून नाय," बाई म्हणाल्या. "आता हिला फक्त पाला आणि पाणी. दाण्याचा खुराक चार दिवसांनी, मूठभर, मग हळूहळू वाढवायचा. पोटात दोन पिल्लं हायत, जागा आधीच कमी. संध्याकाळपर्यंत रवंथ केलंन तर वाचली. नाय तर तिघांचं पण सांगता येत नाय."

"तोवर मी काय करू?" आतोबांनी विचारलं.

"काय नाय. बसा."

मला वाटतं, आयुष्यात त्यांना इतकं अवघड काम कुणी सांगितलं नसेल. ते फणसाची एक डहाळी टांगून तिच्यासमोर स्टुलावर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून मांडीखाली घेतले. वीजघरात काट्याकडे बघत असतील तसे तिच्या जबड्याकडे बघत राहिले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. त्या माणसाला उपाशी बसलेलं मी प्रथमच पाहत होतो आणि मला त्यांची फार दया आली. उन्हं कलली तेव्हा ते एकदम ओरडले, "गो, फिरतोय! जबडा फिरतोय तिचा!" आत्यानं ओटीवरूनच देवाला हात जोडले.

पुढे महिन्याभरानं शेळी व्यायली. दोन पिल्लं, दोन्ही धडधाकट. मी गेलो तेव्हा आतोबा ही बातमी सांगायला मुलीला फोन लावत होते. बातमी सांगून झाली आणि तिकडून ती बहुधा रडायला लागली. नववा लागला होता, पायांना सूज होती, जेवण जात नव्हतं. आता आतोबा दूध, तूप, खारीक यांची यादी सुरू करणार म्हणून आत्यानं फोनसाठी हातही पुढे केला.

आतोबांनी फोन दिला नाही.

"नाय जात तर नको खाऊस," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, परवानगी मागितल्यासारखं त्यांनी विचारलं, "मी येऊ काय गो? काय आणणार नाय. नुसता बसतो तुझ्याजवळ."

तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आतोबांनी दोनदा "हं" केलं, फोन आत्याच्या हातात दिला आणि आत जाऊन ते खुंटीवरच्या पिशवीत आपले दोन सदरे भरू लागले.