माझ्या गाठीचं माप

माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. चुकलं असेल तिथं माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. तसं हे वाचणारं कुणी नाहीच, वही मी ज्वारीच्या कोठीमागं ठेवते. तरी लिहून ठेवावं वाटलं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. मालक टोळीबरोबर ऊस तोडायला गेले होते. लेक माझ्या आईजवळ होती. गावात जनावरांना काडी उरली नाही, तेव्हा आमच्या दूध सोसायटीनं उमापूरच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. दोन म्हशी घेऊन मी आणि आत्याबाई तिथं राहायला गेलो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

घरी आम्ही बायका सगळ्यांच्या मागून जेवतो, चुलीकडं तोंड करून. कोण कसं जेवतं ते कुणाला दिसत नाही. दोन महिने झाले, भाकरीचा घास माझ्या छातीत अडकत होता. मी तो पाण्यानं ढकलत होते. कुणाला सांगावं तर लाज वाटायची. जेवणाचं काय सांगायचं, म्हणतील हिचे लाड सुरू झाले.

छावणीत चूल सगळ्यांची एकच होती आणि पाच-सहा बायका गोल करून जेवायला बसायच्या. तिसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"काय गं, भाकर खातीस का औषध पितीस? एका घासाला एक घोट!"

"सुकी हाय भाकर, आत्याबाई."

"ताकात कुस्करलेली सुकी? मला येडी समजतीस व्हय? कवापासून चाललंय हे?"

दुसऱ्या दिवशी म्हशी शेजारणीच्या हवाली करून त्या मला अंबाजोगाईला घेऊन गेल्या. तिथल्या दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घातली. मिश्री लावता का, असं डॉक्टरांनी विचारलं, मी मान खाली घालून हो म्हटलं. आतला एक तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ होती.

डॉक्टरांनी कागदावर नळी काढली आणि तिच्यात एक ठिपका दिला. आत्याबाईंनी विचारलं, "केवढी हाय?"

"अडीच सेंटीमीटर लांब. लवकर आणलंत, बरं केलंत. गाठ जितकी लहान, तितकी माणसानं पुढं जास्त वर्षं काढण्याची आशा मोठी. पण नुसत्या लांबीवर सगळं ठरत नाही. ती किती खोल गेली, बाजूला पसरली का, तेही बघावं लागतं."

तेही बघितलं. पसरलेली दिसली नाही. आताच काढायची, मोठी होऊ द्यायची नाही, असं ठरलं. मोठ्या शहरात ऑपरेशन व्हायचं होतं. ते सरकारी योजनेत बसलं, पण जाणं-येणं, तिथं राहणं, वरची औषधं धरून तीस हजार लागणार होते. मालकांनी टोळीची उचल आधीच घेतलेली, तिथून आणखी मिळणार नव्हतं. उरली आमची बायकांची दूध सोसायटी, तिथं कर्ज मागितलं.

आता गंमत सांगते. आत्याबाईंनी छावणीत आल्या आल्या सांगितलं, सुनंला बोराएवढी गाठ हाय. वैरण वाटपाच्या रांगेत बोराचं लिंबू झालं. संध्याकाळी दुधाच्या गाडीबरोबर ते तलवाड्याला गेलं आणि दोन दिवसांनी परत आलं ते नारळ होऊन. उमापूरची एक बाई मुद्दाम मला बघायला आली. तिनं माझा गळा खालून वरून न्याहाळला.

"कुठं दिसत न्हाई की गं. नारळाएवढी म्हणत होते."

"आत हाय," मी म्हटलं.

"अगं बाई! अख्खा नारळ मावला कसा आत?"

त्या आजारात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

पण सोसायटीच्या बैठकीत हसू मावळलं. अध्यक्षीणबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नको बाई. पैसा सगळ्याजणींचा हाय. त्यात दुष्काळ. नारळाएवढी गाठ म्हणल्यावर... उद्या काय कमीजास्त झालं तर फेडायचं कुणी?"

आत्याबाई पदर खोचून उठल्या. "नारळ कुणी बघितला? कुणाच्या डोळ्यानं?"

"तुमी बसा. तुमी सासू, तुमी म्हणणारच. तिला बोलू द्या."

सोसायटीत येऊन मला चार वर्षं झाली होती. "हजर" सोडून दुसरा शब्द मी बैठकीत उच्चारला नव्हता. मी उभी राहिले. समोर सचिवबाईंच्या रजिस्टरवर रेघा मारायची पट्टी पडली होती. काय सुचलं कोण जाणे, मी ती उचलली आणि तपासणीचा कागद उघडला. इंग्रजी मला येत नाही, पण त्यातले दोन आणि पाच येतात. कागदावरचा आकडा सचिवबाईंना दाखवला. मग पट्टीवर शून्यापासून अडीचपर्यंत अंगठा ठेवला आणि म्हटलं, "एवढी हाय."

पट्टी हातोहात फिरली. प्रत्येक बाईनं स्वतःचा अंगठा लावून बघितला.

"एवढीच? ही तर खारकंच्या बीएवढी!"

"आन् आमी नारळ फोडून मोकळे झालो."

एक म्हातारी पट्टी हातात धरून म्हणाली, "म्हंजी ही पोरगी नक्की जगणार?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. हो म्हटलं असतं तर पैसे तिथंच मिळाले असते. पण पैसा त्यांचा होता. त्यांनीही माझ्यासारखंच शेण काढून, धारा काढून जमवलेला.

"नक्की न्हाई," मी म्हटलं. "लहान हाय म्हणून आशा मोठी हाय, असं डॉक्टर म्हणले. आत्ता काढली तर. खात्री कुणी दिली न्हाई."

म्हातारीनं पट्टी खाली ठेवली. आता गेलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला.

"म्हशीला कर्ज देता तवा म्हस खात्री देती का? गेल्या साली कर्जातल्या दोन मेल्या. एक कुणाची होती, सांगू का?"

ती अध्यक्षीणबाईंचीच होती. आधी कोपऱ्यातली एक बाई हसली, मग सगळ्या हसल्या आणि शेवटी अध्यक्षीणबाईंनाच हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लिवा बाई, लिवा. तीस हजार. कुणाची हरकत?" एकही हात वर झाला नाही.

ऑपरेशनला मालक कोयता ठेवून आले. डॉक्टरांनी नळीचा तेवढा भाग काढला आणि पोटाची पिशवी वर ओढून तिचीच नवी नळी केली. काढलेली गाठ मोजली, तेवढीच निघाली. बाजूचंही सगळं साफ होतं. ते ऐकून मालक दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मला मात्र भूक लागली होती.

नंतर थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा जेवायचं ठरलं. म्हणजे सकाळी घरात सगळ्यांच्या आधी मीच. पहिले काही दिवस लाजेनं घास उतरेना. आत्याबाई वाटी घेऊन पुढ्यात बसायच्या. "खा गं, सोसायटीची म्हस! तू मेलीस तर अध्यक्षीण मला जित्ती ठेवणार न्हाई." मिश्रीचा डबा त्यांनी माझ्यादेखत उकिरड्यावर फेकला. स्वतःचाही फेकला, मग दोन दिवस माझ्यावर चिडचिड करत होत्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दर दहा दिवसांच्या दूधबिलातून हप्ता कापला जायचा. म्हशी आटल्या की हप्ता थांबायचा, व्यायल्या की पुन्हा सुरू. अधूनमधून मी तपासणीला जायचे. डॉक्टर आधी तीन महिन्यांनी या म्हणायचे, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. असं चार वर्षं चाललं.

शेवटचा हप्ता मी बिलातून कापू दिला नाही. रोख घेऊन गेले आणि सचिवबाईंच्या समोर एकेक नोट मोजून ठेवली. त्यांनी रजिस्टरात बाकी शून्य लिहिलं. मी म्हटलं, मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचलं. मुद्दल, व्याज, सगळं फिटलं होतं.